लोहगरुड मेला कसा, उठला कसा

मच्छिंद्रला जगातल्या फार थोड्या गोष्टी पसंत होत्या, आणि त्यातली एकही त्याच्या गावात, बेल्ह्यात, नव्हती. चाकणच्या एका कारखान्यात त्याची सगळी उमेदीची वर्षं माल तपासण्यात गेली. समोर लोखंडी भागांचा ढीग यायचा, हातात माप ताडायचं गेज असायचं. जो भाग गेजात बसला नाही त्याच्यावर लाल खडूची फुली, आणि तो बाजूच्या पेटीत. पेटीत टाकताना तो तोंडानं ‘रिजेक्ट’ म्हणायचा. मशीनच्या आवाजात ते कुणाला ऐकूही जात नसे, पण म्हटल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हतं. पुढं कारखाना दुसऱ्या राज्यात गेला आणि मच्छिंद्र बायकोला घेऊन गावी परतला. हातातलं गेज गेलं, फुल्या मारायची खोड राहिली. शेजाऱ्याच्या दाराची चौकट तिरकी. हॉटेलातला चहा पांचट. कीर्तनकाराचा आवाज फाटका. आशानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, एकदा भाकरी थापता थापता म्हटलं, “अहो, माझ्यावरबी मारा एकदा फुली. म्हंजे मी म्हायेरी जायला मोकळी.”

बापावर मात्र त्याला फुली मारता येत नव्हती, कारण बापानं ती त्याच्यावर आधीच मारून ठेवली होती.

बापाचा, म्हणजे यमाजीचा, जन्म मेंढरांच्या मागं गेलेला. दिवाळी सरली की कळप घेऊन घाट उतरायचा, कोकणात लोकांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायची आणि आभाळ भरून यायच्या आत माघारी फिरायचं. एकुलत्या एका पोरानं हे सगळं बघून, नाकाला रुमाल लावून, चाकण गाठलं. यमाजीनं त्याला अडवलं नाही. फक्त पोराचं काम काय आहे ते समजून घेतलं आणि म्हणाला, “दुसऱ्यानं केलेल्या लोखंडात खोडी काढायच्या. ह्याला नोकरी म्हंत्यात व्हय? आमच्या गावात हे समदी फुकाट करत्यात.” हे वाक्य मच्छिंद्र कधी विसरला नाही. त्यानंतर बापलेकात जे काही बोलणं व्हायचं ते मोटार चालू आहे का आणि लाइट कधी येणार एवढंच.

मग म्हातारा पाण्याच्या हौदापाशी घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. डॉक्टरांनी सांगितलं, रोज थोडं थोडं चालवायचं, नाहीतर माणूस अंथरुणाला खिळेल. ज्या माणसानं आयुष्यभर घाट चढले-उतरले त्याला आता खाटेपासून दारापर्यंत जायचं होतं, आणि तो जात नव्हता. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. शेवटी आशानं माजघरातला टीव्ही उचलून बाहेरच्या खोलीत, खाटेसमोर आणून ठेवला. “मामंजी, काय तरी बघत तरी जावा.”

यमाजीनं आयुष्यात टीव्हीसमोर बूड टेकलं नव्हतं. बातम्या त्याला भांडणासारख्या वाटल्या, घरगुती मालिकांतल्या बायका रडक्या वाटल्या. आणि एका संध्याकाळी पडद्यावर एका माणसाच्या पाठीतून लोखंडाचे पंख निघाले आणि तो दहा मजली इमारतीवरून उडाला. म्हातारा उशीला टेकून उठून बसला.

मालिकेचं नाव ‘लोहगरुड’. मूळची कुठली होती देव जाणे, मराठीत बोलणं भरलेलं होतं आणि ओठ एक म्हणायचे, कानावर दुसरंच यायचं. नायक दिवसा पाणी खात्यात कारकून. आभाळातून पडलेल्या दगडाला हात लागला आणि त्याला पंख फुटले. त्याचा वैरी काळनेत्र. एक डोळा काचेचा, त्यातून जाळ निघायचा. आणि डॉक्टर नयना नावाची एक बाई होती, जी दर दोन दिवसांनी कुठंतरी बांधलेली सापडायची. मच्छिंद्रनं पहिला भाग आतबाहेर करता करता पाहिला आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या सगळ्या लोकांनी, कॅमेरे लावून, दिवे लावून, हा असला माल बाहेर पाठवलाच कसा? दारात कुणी तपासणारा बसवला नव्हता?

“मच्छिंद्रा,” बाप म्हणाला. बऱ्याच वर्षांनी त्यानं नाव घेऊन हाक मारली होती. “पंख पाठीतनं निघत्यात. मग सदरा कसा काय फाटत न्हाई?”

“कारण लिवणाऱ्याला अक्कल न्हाई.”

“मी कारण इचारलं. शिव्या न्हाई.”

मच्छिंद्र दारात थबकला. तो सांगणार होता की कारण नाहीच आहे, हे सगळं गाढवांनी गाढवांसाठी केलंय. पण म्हातारा त्याच्याकडं बघत होता. मोटार आणि लाइट सोडून तिसरीच गोष्ट विचारून बघत होता.

“सदरा त्याच दगडाच्या दोऱ्याचा हाय,” मच्छिंद्र चिडून म्हणाला. “पंख आले की इरतो, गेले की जुळतो.”

यमाजीनं मान हलवली. “आसं सांग की मग.”

मच्छिंद्रला स्वतःचीच किळस आली. जन्मात पहिल्यांदा त्यानं सडका माल पास केला होता.

पण त्या दिवसापासून सुटका राहिली नाही. लोहगरुडाला सगळ्या शहरातली कुजबुज ऐकू येते, मग काळनेत्र पाठीमागं येऊन उभा राहिला तेव्हा त्याचे कान काय झोपले होते का? लोहगरुडाची बायको रोज त्याला जेवायला वाढते, आणि नुसत्या डोळ्यांवर पट्टी बांधली की तिला तो ओळखू येत नाही? मच्छिंद्र आधी लिहिणाऱ्याचा उद्धार करायचा, मग म्हातारा हात वर करून म्हणायचा, “ते झालं. आता कारण.” आणि मच्छिंद्र कारण द्यायचा. कान त्याचे उघडझाप करतात, सारखे उघडे ठेवले तर माणूस वेडा होईल. बायको ओळखते, पण ओळखल्याचं दाखवत नाही; दाखवलं तर काळनेत्र तिला धरून नेईल. प्रत्येक कारण तो असं फेकायचा जसा भिकाऱ्याच्या ताटलीत खोटा रुपया. आणि प्रत्येक कारण गेजात अगदी चपखल बसायचं, कारण सैल बसलेलं त्याला स्वतःलाच सहन होत नव्हतं.

म्हाताऱ्याचा सोबती सावळेराम रोज यायला लागला. शेजारची ठकूबाई शेंगा सोलायचं सूप घेऊनच येऊन बसायची. बाजाराच्या दिवशी बैलं बघायला आलेले व्यापारी टेम्पो लावून प्यायला पाणी मागायचे आणि मालिका संपेपर्यंत हलायचे नाहीत. मच्छिंद्र खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा राहायचा. बसायचा नाही; बसलं म्हणजे आपण बघतोय असं होईल. सावळेरामला तर तो मनातून माणसांतच धरत नव्हता. एकदा सावळेराम म्हणाला, काळनेत्राच्या बुटाला रबर असणार म्हणून आवाज आला नाही. मच्छिंद्रनं त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं की म्हातारबुवा आठ दिवस बोलले नाहीत.

“पावणं, तुमी ह्या शिरेलीत कामाला व्हता का?” एका व्यापाऱ्यानं विचारलं.

“असतो तर ही शिरेल निघालीच नसती,” मच्छिंद्र म्हणाला.

आता हे सांगायला हवं की रोज सकाळी दहाला आदल्या रात्रीचाच भाग परत दाखवायचे, आणि तो मोबाइलवरही दिसायचा. आशा एक दिवस रानातून विळा विसरला म्हणून माघारी आली. बघते तर मच्छिंद्र आतल्या खोलीत मोबाइलवर मान घालून लोहगरुड बघतोय.

“हे काय चाललंय?”

“चुका बघतोय.”

“काल रातीच बघितल्या की समद्या.”

“तू तुझा इळा घे आन जा.”

ती गेली. पण जाताना हसली, आणि ते हसणं त्याला दिवसभर बोचलं. तो अडाणी लोकांच्या राहिलेल्या प्रश्नांची आधीच तयारी करून ठेवत होता. शाळेतल्या मास्तरासारखी.

सगळ्यात अवघड प्रकरण निघालं डॉक्टर नयनाचं. नयना मेली. चांगली मेली, पुलावरून खाली पडली, लोहगरुड रडला, ठकूबाईनं पदर डोळ्याला लावला. पुढच्या आठवड्यात नयना परत आली. केस तांबडे, नाक वेगळं, चालणं वेगळं, पण सगळे तिला नयनाच म्हणत होते. वर ती आता काळनेत्राच्या घरात राहत होती आणि त्याला ‘दादा’ म्हणत होती.

“ही ती न्हाई,” मच्छिंद्र म्हणाला.

“तीच हाय,” यमाजी म्हणाला. “शेकड्यानं मेंढरं वळखायचो मी. बाई न्हाई का वळखायचो?”

“आबा, नाक बघा तिचं.”

“पडली की पुलावरनं. नाक ऱ्हाईल व्हय जाग्यावर?”

खोलीत सगळे म्हाताऱ्याच्या बाजूनं झाले. मच्छिंद्र दोन दिवस धुमसला आणि मग त्यानं कारण काढलं: नदीच्या तळाशी त्याच दगडाचा तुकडा होता, त्यानं नयना जिवंत झाली पण तिची आठवण पुसली गेली, आणि काळनेत्रानं तिला आपली बहीण म्हणून पटवलं. खोलीत ‘आऽ’ असा आवाज उठला. यमाजीनं पोराकडं एकदा नीट बघून घेतलं. दरम्यान म्हातारा चालायलाही लागला होता. जाहिराती लागल्या की आशा वॉकर पुढं करायची, तो खाटेपासून दारापर्यंत जायचा आणि जाहिराती संपायच्या आत परत यायचा. उशीर झाला तर लोहगरुड थांबणार नव्हता.

आणि एका सोमवारी संध्याकाळी लोहगरुडाच्या जागी एक बाई पनीर तळायला लागली.

सगळ्यांना वाटलं, चॅनल चुकला. मच्छिंद्रनं खालीवर करून बघितलं. दुसऱ्या दिवशीही तीच बाई, या खेपेला भेंडी. आदल्या भागात काळनेत्र धरणाच्या भिंतीवर बटणावर बोट ठेवून उभा होता आणि लोहगरुडाचे पंख साखळीत अडकले होते. मच्छिंद्रनं चॅनलला फोन लावला. तिकडून एक मुलगी हिंदीत, मग मराठीत, मग परत हिंदीत थांबा म्हणाली आणि फोन कट झाला. यमाजीनं चालणं बंद केलं. कुणी वॉकर पुढं केला की म्हणायचा, “कशाला?” आणि भिंतीकडं वळायचा.

ठकूबाईची लेक अवसरी खुर्दला दिलेली. तिच्या शेजारी आदेश नावाचा एक जण राहायचा. तिथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकला होता आणि आता टीव्हीवाल्यांसाठी मराठी बोलणं लिहून द्यायचा. ‘लोहगरुड’ त्यानंच केलंय, असं ठकूबाईनं छातीवर हात ठेवून सांगितलं. मच्छिंद्रनं मोटारसायकल काढली. आळेफाटा, नारायणगाव, मंचर असा सगळा रस्ता तो मनातल्या मनात त्या आदेशला फैलावर घेत होता. शब्दही ठरले होते. काय शिकला रे इंजिनिअरिंग, असं पहिलं वाक्य होतं.

आदेश तिशीतला, हसऱ्या तोंडाचा निघाला. माडीवरच्या खोलीत त्यानं आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या बांधल्या होत्या. त्यानं पाहुण्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, “काका, तुम्ही बघता ही मालिका?”

“मी न्हाई. आमचं म्हातारं बघतं.” चहा चांगला होता, त्यामुळं मच्छिंद्रचा अर्धा राग तिथंच वाया गेला. “ती नयना मेली आन परत आली. का?”

आदेश जोरात हसला. “अहो ती परत आलीच नाही. त्या दोन वेगळ्या बायका. दुसरी काळनेत्राची सख्खी बहीण, रेवती. आमच्याकडं तुकडे येतात काका, नावं येत नाहीत. मला वाटलं तीच बाई असेल, केस रंगवले असतील. मी तिलाही नयना केलं. पुढं कळलं, पण तोवर सोळा-सतरा भाग गेले होते. मग म्हटलं राहू दे.”

“राहू दे?”

“कोण बघतंय एवढं बारीक?”

मच्छिंद्रनं नदीच्या तळाच्या दगडाचं कारण त्याला सांगितलं नाही. कान मात्र तापले. “आन तो लोहगरुड उकळत्या टाकीत पडला, दुसऱ्या दिवशी दाढी वाढवून परत आला, ते?”

“मधले भाग चॅनलनं घेतलेच नव्हते.”

“बरं. शेवट काय हाय? तेवढं सांगा, मी जातो.”

“शेवट नाही काका. पुढचं शूटिंगच झालं नाही. बंद पडलं.”

“लिवलेला तर असंल.”

“लिहितात कुठं आधी? सकाळी लिहितात, दुपारी करतात.”

मच्छिंद्रनं कप खाली ठेवला. कारखान्यात वाकडा माल यायचा, फुटका यायचा, पण कुठंतरी एका कागदावर तो कसा असायला हवा होता याचं ड्रॉइंग असायचं. ते होतं म्हणून तर फुली मारता यायची. इथं ड्रॉइंगच नव्हतं. इतके महिने तो ज्याच्याशी ताडून कारणं घासूनपुसून बसवत होता ते मुळात नव्हतंच. “रिजेक्ट तरी कशाला करायचं,” तो पुटपुटला. आदेशला कळलं नाही. त्यानं अजून चहा हवा का विचारलं.

घरी येऊन त्यानं बापाला सगळं खरं सांगितलं. लपवाछपवी त्याच्या स्वभावात नव्हती, आणि दुष्ट आनंदही थोडा होता. नयना ती नयना नव्हती, हे सांगताना तर आवाज जरा चढलाच.

यमाजीला नयनाचं काही पडलं नव्हतं. “मग काळनेत्राचं काय झालं?”

“काय न्हाई. तिथंच हाय.”

“तिथंच म्हंजे? धरणाव?”

“हां.”

“बटणाव बोट ठिवून?”

“व्हय.”

“उभा?”

“उभा, आबा. त्याला कुणी बसावलंच न्हाई.”

म्हाताऱ्यानं वरच्या पत्र्याकडं बघितलं. “आन खालची गावं?” त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता भिंतीकडं वळला. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली, वॉकरकडं बघितलंही नाही. आशा मच्छिंद्रला गोठ्याकडं घेऊन गेली. “मामंजी आसंच पडून ऱ्हायले तर उठायचे न्हाईत. डाक्टर काय म्हनले व्हते? तुमाला येवढं समदं येतं. करा की काय तरी.”

“मी काय शिरेल काढू?”

“समद्यांच्या खोडी काढता. मग एक बिनखोडीची काढून दावा.”

संध्याकाळी मच्छिंद्रनं टीव्ही बंद केला आणि बापाच्या खाटेच्या पायथ्याशी खुर्ची ओढली. सावळेराम होता, ठकूबाई होती. “पुढचं सांगतो,” तो म्हणाला. “नीट सांगतो. त्या गाढवांसारखं न्हाई.” आणि त्यानं नीट सांगितलं. धरणाच्या रखवालदारानं पोलिसांना फोन केला. बटण दाबलं तरी दारं उघडायला वेळ लागतो, तेवढ्यात जीप आली. काळनेत्राला हातकड्या पडल्या. लोहगरुडाची साखळी गॅस कटरनं कापली. पुढं पंचनामा झाला, साक्षीदार कोण कोण, आरोपपत्र कुणी दाखल केलं. कुठंच भोक नव्हतं. प्रत्येक सांधा बसलेला. सांगता सांगता मच्छिंद्रला चाकण सोडल्यापासून पहिल्यांदा खराखुरा आनंद झाला.

सावळेराम घोरत होता. ठकूबाई कधी उठून गेली ते कळलं नाही.

“झाली?” यमाजीनं विचारलं.

“झाली. कुठं चूक काढा.”

“चूक न्हाई. पर ही गोष्ट हाय का कोर्टाची तारीख? पंख कुठं हायेत? जाळ कुठं हाय? तुज्यात कुणी उडत न्हाई, कुणी मरत न्हाई, मेलेलं कुणी उठत न्हाई. आसलं ऐकायला मी तालुक्याला तहशिलीत जाऊन बसंन.” तो कुशीवर वळला. “ती येड्यांची बरी व्हती. तू सुधरवून नासवली.”

मच्छिंद्र खुर्ची उचलून आत गेला. आयुष्यभर इतरांच्या मालाला जे म्हटलं ते त्याला आज कुणी म्हटलं होतं, आणि म्हणणारा चुकला नव्हता. गोष्ट सांगताना तो स्वतःसुद्धा पंचनाम्याच्या ठिकाणी एकदा जांभई दाबून बसला होता. दुसरा सगळा दिवस त्यानं कांद्याला पाणी देण्यात घालवला. वाफा भरून वाहायला लागला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी परत खुर्ची आली. “काल सांगितलं ते खोटं,” तो म्हणाला. “काळनेत्रानं ते सगळं सपनात बघितलं. खरं झालं ते असं. लोहगरुडानं साखळीला हिसका दिला. साखळी तुटली न्हाई. पंखच तुटला.”

सावळेरामनं डोळे उघडले.

“पाठीपासनं तुटला आन खाली पडायच्या ऐवजी एकटाच उडाला. सरळ काळनेत्राच्या डोक्यावर जाऊन फिरायला लागला. आन खाली नदीतनं एक पोरगी वर आली, तिच्या पाठीला पंखाची जागा रिकामीच व्हती.”

खाट करकरली. यमाजी कोपरावर उठला होता. “थांब. पंख एकटा कसा उडाला? माणूस तर साखळीत.”

मच्छिंद्रला माहीत नव्हतं. ही घाण त्यानं स्वतःच्या तोंडानं, तपासल्याशिवाय, बाहेर सोडली होती. ती पोरगी कोण तेही त्याला ठाऊक नव्हतं. लाजेनं त्याचा चेहरा लाल झाला. आणि त्या लाजेत, कबूल करायला त्याला फार जड गेलं असतं, पण मजा होती.

“सांगतो की.”

“आत्ता सांग.”

“आत्ता जाहिराती हायेत. दारापत्तुर जाऊन या.”

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं रोखून बघितलं. मग एक शिवी हासडली आणि वॉकर ओढला. आशा आतून बघत होती. दारापर्यंत जाऊन, उंबऱ्याला हात लावून तो परत आला, धापा टाकत खाटेवर बसला आणि म्हणाला, “आता बोल. आन पोरगी कुणाची तेबी सांग.”

तेवढ्या वेळात मच्छिंद्रनं कारण काढलं होतं. चांगलं नव्हतं. सावळेरामलासुद्धा ते पटलं नाही, आणि त्यानं तसं बोलून दाखवलं.

श्रावणात आदेशचा फोन आला. दुसऱ्याच कुठल्या कंपनीनं लोहगरुड परत सुरू केला होता, मोबाइलवर बघता येत होता, शेवटासकट. मच्छिंद्रनं मोबाइल बापासमोर धरला. तोवर यमाजी काठीवर आला होता आणि अंगणातून रस्त्यापर्यंत जाऊन येत होता. त्यानं थोडा वेळ बघितलं. काळनेत्र धरणावरून हलला होता, का हलला ते कुणी सांगितलं नाही, आणि नयनाचं आता तिसरंच नाक होतं.

“बंद कर,” म्हातारा म्हणाला. “वंगाळ हाय.”

“मग मी काय म्हनत व्हतो पहिल्यापासनं?”

“तुजीबी वंगाळच हाय. तिच्यापेक्षा वंगाळ. त्या पोरीला तू परवा मारली आन काल ती भाकरी भाजत व्हती.” त्यानं काठी खाटेला टेकवली आणि पाय वर घेतले. “पर ह्या मोबाइलातल्यांना इचारलं तर हे बोलत न्हाईत. तू निदान तोंड वाकडं करून का व्हईना, सांगतोस. चल, कुठं आलो व्हतो?”

मच्छिंद्रनं मोबाइल खिशात टाकला. बाहेर सावळेरामच्या काठीची टकटक ऐकू येत होती. तो माणूस आज पुन्हा काहीतरी मूर्खासारखं विचारणार याची मच्छिंद्रला खात्री होती. तो येऊन बसेपर्यंत थांबायचं म्हणून त्यानं खुर्ची उगाचच दोनदा सरळ केली.